मिरचीचा हंगाम सरताना

होळी जवळ आली की विदर्भातल्या घरांत दोन कामे एकाच वेळी निघतात. माळ्यावरचा कूलर खाली उतरवायचा आणि वर्षभराच्या तिखटासाठी लाल मिरची आणायची. नेमक्या याच दिवसांत गॅलरीतल्या कुंडीतली मिरची मात्र थकलेली दिसू लागते. जुलैत लावलेले रोप ऑक्टोबरपासून हिरव्या मिरच्या देते, संक्रांतीच्या सुमारास लालबुंद होते आणि फाल्गुनात त्याची पाने आखडतात. फुले येतात तशी गळून पडतात. नवे फळ बोटाच्या पेराएवढे होऊन थांबते. बहुतेक घरांत मग एकच निर्णय होतो. झाड उपटायचे, माती एका कोपऱ्यात ओतायची आणि कुंडी पालथी घालून ठेवायची.

नागपुरातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा निर्णय इतका सोपा राहिला नाही. तिथे खिडकीखाली सहा कुंड्या होत्या आणि त्या सहांमध्ये भिवापुरी मिरची होती.

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर परिसरातली ही मिरची तिच्या लाल रंगासाठी नावाजलेली. आज तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण मानांकन मिळेपर्यंत तिची लागवड फार घटली होती. रोगाने पीक हातचे जाऊ लागले, तसे अनेकांनी मिरची सोडून सोयाबीन आणि कापूस धरला. या कुटुंबाच्या शेतातही तेच झाले. सासरे गेले, शेत बटाईने दिले गेले आणि सासूबाई मुलाकडे नागपूरला राहायला आल्या. येताना त्यांच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली एक पुरचुंडी होती. तिच्यात राखेत घोळलेले मिरचीचे बी होते.

भिवापुरी काही जगातून नाहीशी होणार नव्हती. ती लावणारी घरे अजूनही आहेत. पण पुरचुंडीतले बी या घराचे होते. सासूबाईंना ते त्यांच्या सासूने दिले होते आणि दर माघात शेतातली उत्तम झाडे हेरून, त्यांचीच फळे बाजूला काढून, त्यांनी ते चाळीस वर्षे चालवले होते. शहरात आल्यावर तीन वर्षे ते तसेच पडून राहिले. मिरचीचे बी घरातल्या साध्या हवेत दोन-तीन वर्षांनंतर झपाट्याने निकामी होत जाते. चौथ्या जुलैत त्यांनी मूठभर बी पेरले तेव्हा उगवली अकरा रोपे. त्यांतली जगली सहा. पुरचुंडी आता रिकामी होती.

कूलर की कुंड्या?

मार्च लागला आणि सुनेने कूलरचा विषय काढला. तिचेही काही चुकत नव्हते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. झोपायच्या खोलीला खिडकी एकच आणि त्या खिडकीखालीच कुंड्या मांडलेल्या.

“आई, झाडं आता संपल्यातच जमा आहेत. मिरच्या काढून घेऊ या आणि कुंड्या रिकाम्या करू या का?” तिने विचारले.

“काढ ना. लाल झालेल्या मला दे. बी काढून ठेवते,” सासूबाई म्हणाल्या.

इथपर्यंत सगळे सरळ होते. गाडी अडली ती अकरावीत शास्त्र शाखेला असलेल्या नातीपाशी.

“आजी, पण हे बी तुझ्याच मिरचीचं कशावरून? शेजारच्या कुंडीत बाबांनी सिमला मिरची लावली होती. ती नर्सरीतली संकरित मिरचीही होती. मधमाशा सगळ्यांवर बसत होत्या.”

आजी हसल्या. “शेतात काय भोवताली दुसऱ्याची मिरची नव्हती? तरी चाळीस वर्षं टिकली की.”

दोघीही बरोबर होत्या. मिरचीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, त्यामुळे तिचे परागीभवन बहुतांशी आपले आपणच होते. पण मधमाशा आणि इतर कीटक एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात, तेव्हा सरमिसळही होते. तिखट मिरची आणि सिमला मिरची बहुधा एकाच प्रजातीतल्या असल्याने त्यांचा संकर सहज होतो. गंमत अशी, की संकर झाला तरी यंदाच्या फळात काही फरक दिसत नाही. तो फरक आतल्या बियांत दडलेला असतो आणि पुढच्या वर्षी झाडावर उमटतो. शेतात हजारो झाडे एकाच वाणाची. मधोमधची झाडे बियाण्यासाठी निवडली आणि वेगळे दिसणारे झाड दरवर्षी बाद केले, की वाण टिकतो. गॅलरीत सहा झाडांना दुसऱ्या तीन झाडांचा शेजार असला, तर हे प्रमाणच बदलून जाते.

आजींनी हातातली लाल मिरची उलटीपालटी करून पाहिली. दिसायला ती अगदी भिवापूरचीच होती.

“मग आता?” त्यांनी विचारले. त्यांच्या आवाजातले हसू गेले होते.

झाड मरत नाही, थांबते

उत्तर नातीच्या पुस्तकात होते आणि सुनेच्या हातात होते. पुस्तकात एवढेच होते, की मिरची ही मुळात बहुवर्षायू वनस्पती आहे. शेतकरी तिला एका हंगामात संपवतो, कारण नव्या रोपांचे उत्पन्न चांगले येते आणि जुन्या झाडांवर रोग साठत जातो. पण कडाक्याची थंडी आणि होरपळणारे ऊन यांतून जपले, तर तेच झाड दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही जास्त फळते. फाल्गुनात ते थकते त्याची कारणे साधी आहेत. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही तापू लागल्या, की फूल धरत नाही. त्यातच झाडावर लाल फळे तशीच ठेवली, तर झाड आपली ताकद त्यांना पिकवण्यात खर्च करते आणि नवी फुले कमी होतात.

म्हणजे फाल्गुनातले बी खात्रीचे नसले, तरी झाडे खात्रीची होती. ती पावसाळ्यापर्यंत जगवायची, नवा बहर आला की फुले झाकून ठेवायची आणि मग बी धरायचे, असे ठरले. कूलरला खिडकी मिळाली. कुंड्या गेल्या स्वयंपाकघरामागच्या, धुणे वाळत घालायच्या चिंचोळ्या गॅलरीत. तिथे पूर्वेचे कोवळे ऊन येत असे आणि दुपारी सावली.

छाटणीचा प्रश्न आला तेव्हा आजींचा जीव खालीवर झाला. शेतात शेवटचा तोडा झाला की झाडे उपटून टाकायची, एवढेच त्यांना माहीत. “हिरवं झाड कापायचं काहून?” त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. पण सुनेच्या माहेरी गुलाबाची बाग होती आणि छाटणीचा हात तिला लहानपणापासून होता. कात्रीचे पाते स्पिरिटने पुसून तिने आधी प्रत्येक झाड खालून-वरून पाहिले.

एका झाडाची पाने वाटीसारखी आखडून बारीक झाली होती आणि शेंडा खुंटला होता. शेतकरी याला चुरडा-मुरडा म्हणतात. फुलकिडे किंवा कोळी रस शोषत असले तरी पाने अशी होतात आणि पांढऱ्या माशीने विषाणू आणला तरीही होतात. कीड असेल तर निंबोळी अर्काने ती आटोक्यात येते. विषाणूवर मात्र औषध नाही. घरी नुसत्या डोळ्यांनी नेमके ओळखणे अवघड, म्हणून खुंटलेले झाड ठेवण्याचा मोह धरायचा नाही. ते झाड आजींनी स्वतःच उपटले, पिशवीत बांधले आणि कचऱ्यात दिले. खतात टाकू दिले नाही. कुंड्या पाच उरल्या.

उरलेल्या झाडांवरची सगळी फळे आणि फुले काढली गेली. खोडाला जिथे पहिला फाटा फुटतो, त्याच्या वर प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे राखून तिरका काप दिला. थोडी निरोगी पाने राहू दिली, कारण पुढे ऊन वाढणार होते. वरची दोन इंच माती खरवडून तिथे मुरलेले शेणखत घातले, तेही बेताचेच. उन्हाळ्यात झाडाला जोमाने वाढवायचे नसते, नुसते टिकवायचे असते.

शेवटच्या तोड्याचा स्वयंपाक

काढलेल्या मिरच्यांचा ढीग आता ओट्यावर होता आणि हे खाते आजींचे होते. हंगामाच्या शेवटी मिरची जास्त तिखट लागते, असे बायका म्हणतात. त्यात तथ्य आहे. पाण्याचा आणि उन्हाचा ताण पडला, की अनेक जातींच्या फळांत तिखटपणा देणारे कॅप्सायसिन हे द्रव्य वाढते. ते बियांत तयार होते असा समज आहे, पण ते तयार होते बिया ज्यांना चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरांत. बियांना ते केवळ लागते. मिरची कमी तिखट हवी असेल, तर त्या शिरा खरवडून काढाव्यात.

जाड, हिरव्या मिरच्यांना उभी चीर देऊन त्यांत धने, मेथी, हिंग आणि मिठाची भरड भरली, त्या आंबट दह्यात बुडवल्या आणि चैत्राच्या उन्हात कडकडीत वाळवल्या. या सांडग्या मिरच्या खिचडीबरोबर तळायच्या. ओल्या लाल मिरच्यांचा, लिंबाचा रस आणि मीठ घालून रंजका झाला. अगदी लहान राहिलेल्या मिरच्या लसणाबरोबर ठेच्यात गेल्या. चिरताना सुनेच्या हातांची आग झाली, तेव्हा आजींनी तिला पाण्याखाली हात धरू दिले नाहीत. आधी गोडे तेल चोळायला लावले, मग साबण. कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळते. तोंड भाजले तर पाण्याऐवजी दूध-दही का द्यावे, याचेही उत्तर साधारण तेच. दुधातली प्रथिने ते द्रव्य सोडवून नेतात.

मिरचीने आग होते म्हणजे प्रत्यक्षात काहीच जळत नाही. उष्णता ओळखणाऱ्या ज्या संवेदकाला कॅप्सायसिन फसवते, तो डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांच्या संवेदकावर या द्रव्याचा परिणाम होत नाही. म्हणून तर गॅलरीतल्या लाल मिरच्या बुलबुल मजेत खाऊन जात. रानात मिरचीचे बी दूरवर पसरवण्याचे काम पक्षीच करतात.

माणसांनी तर ते समुद्रापार नेले. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती भारतात आली. त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी मिरी होती, पिंपळी होती. अवघ्या पाचशे वर्षांत या एका पाहुणीच्या इथे किती जाती झाल्या! कर्नाटकची रंगाला गडद आणि चवीला सौम्य ब्याडगी, कोल्हापूरकडची संकेश्वरी, ठसकेबाज लवंगी आणि ईशान्येकडची, २००७ साली जगातली सर्वांत तिखट म्हणून गिनीज बुकात नोंद झालेली भूत जोलोकिया. यांतल्या बहुतेकींमागे प्रयोगशाळा नव्हती. दरवर्षी चांगले फळ खायचे सोडून बियाण्याला ठेवणारे शेतकरी होते आणि त्यांच्या घरच्या बायका होत्या.

नवतपा

एप्रिलपासून पाच कुंड्यांची राखण सुरू झाली. वर हिरवी शेडनेट बांधली. कुंड्यांभोवती गोणपाट गुंडाळले, कारण उन्हाने कुंडीची भिंत तापते आणि आत मुळे शिजतात. पाणी फक्त पहाटे, तेही बोट मातीत पेरभर घालून कोरडे लागले तरच. पाने नसलेल्या झाडाला पाणी कमी लागते आणि जास्त पाण्यानेच ते कुजते. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी वाया कशाला घालवायचे, म्हणून मुलाने ते एकदा कुंडीत ओतायला घेतले, तेव्हा नातीने अडवले. कूलरचे पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. दिवसेंदिवस ते खारट होत जाते.

मे महिन्याच्या २५ तारखेला नवतपा लागला. रोहिणी नक्षत्रातले हे नऊ दिवस विदर्भातली माणसे श्वास रोखून काढतात. तिसऱ्या दिवशी दोन झाडांच्या काड्या करड्या पडल्या. आजी रोज सकाळी नखाने खोडाची साल किंचित खरवडून बघत. आत हिरवे दिसले तर जीव आहे, तपकिरी दिसले तर गेला. नवतपा सरला तेव्हा पाचांपैकी तीन खोडे हिरवी होती.

त्या दिवशी त्या फारशा जेवल्या नाहीत. रात्री सुनेला म्हणाल्या, “शेत दिलं तेव्हा मला काही वाटलं नाही गं. जमीन काय, कोणीतरी कसतंच. पण हे बी माझ्या हातून संपलं, तर माझ्या सासूला काय सांगू?”

सुनेने काही समजूत घातली नाही. सकाळी उठून तिने तिन्ही कुंड्या आणखी आत, भिंतीच्या सावलीला सरकवल्या.

पाऊस आला तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. पाचव्या दिवशी एका खोडाच्या डोळ्यातून तांदळाएवढा हिरवा कोंब बाहेर आला. आठवड्याभरात तिन्ही झाडे फुटली. मुळे जुनी आणि पसरलेली असल्याने ती नव्या रोपांपेक्षा लवकर वाढली आणि ऑगस्टमध्येच कळ्यांवर आली.

या वर्षी शेजारी दुसरी मिरची लावायची नाही, असे ठरलेच होते. पण वरच्या मजल्यावरच्यांच्या कुंड्यांचा भरवसा नव्हता. जुन्या मच्छरदाणीचे कापड दाट नव्हते, म्हणून नातीने मलमलच्या बोटभर पिशव्या शिवल्या. उमलायच्या आधीच्या कळ्या त्यांत बांधल्या. रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारायची, म्हणजे आतल्या आत पराग झडतात. फळ धरले की पिशवी सोडायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे ती मिरची चुकूनही फोडणीत जायला नको. बऱ्याच कळ्या गळाल्या. दोऱ्याची फळे शेवटी अठरा मिळाली.

ती झाडावरच पूर्ण लाल होऊ दिली. नोव्हेंबरात तोडून आठवडाभर सावलीत ठेवली, मग फोडून बी काढले आणि तेही कडक उन्हात न टाकता सावलीतच वाळवले. आजींनी त्यात चाळलेली राख घातली. नातीने काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या आणल्या. एक बाटली पुढच्या पेरणीसाठी, दुसरी राखीव. सगळे बी एकाच वर्षी मातीत घालायचे नाही, हा आजींचा नियम.

उपटलेल्या आणि मेलेल्या झाडांची माती फेकून दिली नाही. पुढच्या मेमध्ये ती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली गच्चीवर महिनाभर तापत ठेवली. त्यात पुन्हा मिरची, टोमॅटो, वांगे मात्र लावायचे नाही. ही तिन्ही एकाच कुळातली, एकीचे रोग दुसरीला लागतात. तिथे मेथी आणि कोथिंबीर पेरली गेली.

त्याच जूनमध्ये शेत बटाईने कसणाऱ्या घरातली सून मुलीच्या कॉलेजच्या कामासाठी नागपूरला आली होती. जाताना आजींनी तिच्या हातावर चिमूटभर बी ठेवले. “सोयाबीनच्या शेतात जागा मागत नाही मी. बांधाकडेला दोन ओळी लावशील का?” त्यांनी विचारले.

ऑक्टोबरात तिचा फोन आला. बावीस झाडे जगली होती आणि लाल धरू लागली होती. एका झाडाची फळे तेवढी वेगळी होती, आखूड आणि जाड. ते उपटून टाकू का, असे ती विचारत होती.

“उपटू नको गं, मिरच्या खाऊन टाका त्याच्या,” आजींनी फोनवर सांगितले. “बी मात्र बाकीच्यांचं ठेव.”